सिंधुकाकूच्या खोलीतलं पितळ

उदगीरच्या आमच्या दुकानात कड्या, कोयंडे, बिजागऱ्या आणि कुलपं यांचे एवढे ढीग असतात की नवीन गिऱ्हाईक दारातच अडखळतं. आणि दुकानामागच्या आमच्याच घरात माझ्या सिंधुकाकूच्या खोलीला आतून लावायला कडी नव्हती. ती लग्न होऊन आली तेव्हा नव्हती, तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं तरी नव्हती. याचं घरात कुणाला हसूही येत नव्हतं आणि लाजही वाटत नव्हती. मला दोन्ही यायचं, आणि त्याहून जास्त राग यायचा. मी पहिल्यापासून तोंडाची फटकळ, असं माझी मम्मीच म्हणते, त्यामुळे हे सगळं मी फटकळपणेच सांगणार आहे.

सिंधुकाकू म्हणजे माझ्या थोरल्या काकांची, उमाशंकरकाकांची बायको. माहेर कंधारचं. घरात शब्द चालतो तो माझ्या आजोबांचा, सिद्रामप्पांचा. त्यांना आम्ही घरचे आणि सगळा बाजार अप्पाच म्हणतो. अप्पांचा एक जुना नियम होता. लोखंड दुकानात, पितळ घरात. लोखंडाचे खिळे पोत्यानं पडून असले तरी कुणी उचलत नाही, पण पितळ महाग, आणि पितळ म्हणजे लक्ष्मी. नवीन माल आला की अप्पा पेटीवर विभूतीची तीन बोटं ओढत, ती पेटी देव्हाऱ्यापुढे थोडा वेळ ठेवत, आणि मग ती काकूच्या खोलीत जाई. खोलीच्या तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर डबे, आणि चौथ्या भिंतीला काकूची खाट न् तिचं कपाट. त्या खोलीला घरात कुणी काकूची खोली म्हणत नसे. पितळेची खोली म्हणत.

तिथं काकू काय करायची? दुपारी जेवणं झाली की स्टीलच्या ताटात पितळी स्क्रूंचा डबा ओतायची आणि दोरीला बांधलेलं लोहचुंबक त्यावरून फिरवायची. खरं पितळ जागचं हलत नाही. लोखंडावर पितळेचा मुलामा दिलेले स्क्रू मात्र टुणकन उडी मारून चुंबकाला चिकटतात. "बघ, कसे चोर पकडले," असं म्हणून ती ते बाजूला काढायची. पुढे पुढे तिला चुंबकही लागेनासं झालं. मूठभर स्क्रू तळहातावर घेऊन ती नुसते खाली-वर करायची आणि म्हणायची, "ह्यात खोटे हायेत." तिच्या बोटांना कायम पितळेचा कडसर वास यायचा. चिंचेनं हात धुतले तरी जायचा नाही. लहानपणी ती मला भरवायला बसली की मी नाक मुरडायची, आणि ती डाव्या हातानं माझं नाक धरून उजव्या हातानं घास कोंबायची.

शाळेत मी जे शिकले नाही ते त्या खाटेवर बसून शिकले. न्हाणीघराच्या दाराला लोखंडी स्क्रू लावला तर दोन पावसाळ्यांत गंजून लाकूड काळं करतो, पितळी तसाच राहतो, फार तर हिरवट होतो. पितळी बिजागरीला लोखंडी स्क्रू लावू नये, ओलीत तो लवकर मरतो. देव्हाऱ्याला आमच्याकडे लोखंड लावतच नाहीत, अगदी आतल्या खणालाही पितळच. नांदेडहून महादेवप्पा पेटीवाले यायचे. ते हार्मोनियम दुरुस्त करतात. त्यांना सुरांच्या पट्ट्या बसवायला अगदी बारके पितळी स्क्रू लागत. चार दुकानं पालथी घालून झाली की ते शेवटी काकूकडेच यायचे.

पण पितळ मऊ. कठीण लाकडात ते जोर लावून पिळलं तर मानेशी तुटतं आणि अर्धं आतच राहतं. म्हणून जाणता सुतार आधी गिरमिटानं भोक पाडतो, त्यात तेवढ्याच मापाचा लोखंडी स्क्रू साबण लावून पिळतो, त्यानं लाकडात वाट झाली की तो काढून घेतो, आणि मग त्या तयार वाटेत पितळी बसवतो. काकू हे सांगताना एकदा म्हणाली, "म्हंजे मेहनत लोखंडाची आन् दिसायला पितळ." मी म्हटलं, "तू ह्या घरातलं लोखंड हायेस." ती म्हणाली, "गप बस, भाकरी करपून राहिली."

आता दाराचं. दुकानात गिऱ्हाईक आलं की अप्पा गादीवरूनच हाक मारणार, "सिंधू, पाऊण इंची सहा नंबर!" आणि हाक विरायच्या आत कुणीतरी खोलीत शिरणार. काका, दुकानातला नोकर, कधी स्वतः अप्पा. दार वाजवायची पद्धतच नव्हती, कारण गोदामाचं दार कुणी वाजवतं का? काकू झोपलेली असो, केस पुसत असो, रडत असो. लुगडं बदलताना ती दाराला बिजागऱ्यांचा जड डबा टेकवून ठेवायची. डबा सरकताना फरशीवर खर्रकन आवाज व्हायचा, तेवढ्यात पदर ओढून घ्यायचा. तो आवाज आला की काकू कुठल्याही खोलीत असली तरी तिचा हात पदराकडे जायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

माहेरी जायची तरी सोय कुठं होती? डबे कुठल्या फळीवर आहेत ते तिलाच ठाऊक. कंधारला भावाकडं, अण्णारावमामाकडं गेली की दुसऱ्या दिवशी फोन, "ते गोल डोक्याचे कुठं ठेवलेस? येऊनच जा." आणि ती एसटी पकडून यायची. बाहेर जाता येत नाही आणि आत असून दार लावता येत नाही, अशी तिची गत होती.

एकदा जेवताना तिनं कडीची गोष्ट काढली. अप्पांनी ताटातून मान वर केली. "घरात कुणाचं भ्या वाटून राहिलंय तुला?" काका म्हणाले, "बघू." काकांचं बघू म्हणजे काय ते घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

आणि मग गेल्या श्रावणाच्या तोंडावर ते झालं. दुकानात नवीन ठेवलेला एक माणूस एका गिऱ्हाइकाला दाराच्या पितळी मुठी दाखवायला थेट खोलीत घेऊन आला. परका पुरुष. डबा सरकला, पण काकूच्या अंगावर त्या वेळी धड काही नव्हतं. ती कपाटाच्या दाराआड झाली आणि तिथूनच हात लांब करून फळी दाखवली, "डावीकडून तिसरी." गिऱ्हाइकानं दोन मुठी पसंत केल्या. हे मला तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी लातूरला औषधाच्या दुकानात नोकरीवर होते, आणि मी तिथल्या काउंटरवर इतक्या जोरात शिवी दिली की समोरची म्हातारी खोकल्याची बाटली टाकून गेली.

"मी कडी आणणार," काकू म्हणाली.

"घे ना दुकानातून."

"न्हाई. न विचारता मालाला हात लावला तर चोरी म्हणतील. माझी मी आणणार."

अण्णारावमामानं भाऊबीजेला दिलेले पैसे तिच्याजवळ होते. ते घेऊन ती बाजारात रेवणसिद्ध यांच्या दुकानात गेली. रेवणसिद्ध म्हणजे अप्पांचे धंद्यातले जुने वैरी. दोघं मठात शेजारी बसतात, एकमेकांना शरणार्थ म्हणतात आणि एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतात. तिनं तोंडावर पदर घेतला होता. चांगली पितळी कडी आणि स्क्रू घेतले, कुणी ओळखलं नाही, घरी आली. इथंच थांबली असती तर काही झालं नसतं.

पण घरी येऊन तिनं स्क्रू तळहातावर घेतले आणि तिला कळलं. चुंबक लावलं, टुणकन उडी. मुलाम्याचे! दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, जाऊ दे, कडी तर बसेल. काकूला ते जमेना. जन्मभर जे चोर पकडले तेच आपल्या दाराला लावायचे? ती चुंबक कमरेला खोचून तशीच परत गेली आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, काउंटरवर स्क्रू पसरून त्यावरून चुंबक फिरवलं. रागाच्या भरात पदर कधी खाली आला ते तिला कळलं नाही. रेवणसिद्धांनी निमूट आतला डबा काढून खरे स्क्रू दिले. देता देता तिला नीट बघून घेतलं.

श्रावणी सोमवारी मी लातूरहून घरी आले होते. सगळे मठात निघाले. काकू म्हणाली, डोकं दुखतंय. मी म्हटलं, मी थांबते तिच्याजवळ. घर रिकामं झाल्याबरोबर तिनं खाटेखालून गिरमिट आणि पेचकस काढला. दाराची फळी सागाची, ती सोपी गेली. आधी लोखंडी, मग पितळी, अगदी रीतसर. पण चौकट बाभळीची, लोखंडासारखी. घाम पुसत ती पिळत होती आणि मी साबण लावून एकेक स्क्रू हातात देत होते. बाहेर कुठल्यातरी गाडीचा आवाज आला, तिनं घाई केली, आणि एक पितळी स्क्रू मानेशी तुटून आतच राहिला. "बस, बाकीच्यांवर निभेल," ती म्हणाली. कडी सरकवून पाहिली. आवाज छान आला. तिनं पुन्हा सरकवली, पुन्हा, पुन्हा, लहान पोर दिव्याचं बटण दाबत बसतं तसं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

ती गाडी अप्पांचीच होती. मठात रेवणसिद्धांनी हात जोडून, गोड हसून म्हटलं होतं, "अप्पा, सूनबाई आमचं गिऱ्हाईक झाल्या बरं का. कडी नेली, स्क्रू पारखून नेले." अप्पा प्रसादालाही थांबले नाहीत, सगळ्यांना घेऊन परत आले. दारात चपला काढायच्या आधीच ओरडायला लागले. कडीचं त्यांना काहीच नव्हतं. "माझ्या दुकानात माल न्हाई का? सगळा बाजार म्हणून राहिलाय, सिद्रामप्पाच्या घरात वाटण्या झाल्या. न्हाई तर म्हणतेत, सिद्रामप्पाचा माल खोटा, सूनसुदिक घेत न्हाई! उमाशंकर, घे पेचकस, काढ ती कडी!"

काका पेचकस घेऊन आले. काकू खोलीत गेली, दार ढकललं आणि कडी लावली.

खटका आम्ही सगळ्यांनी ऐकला. कडीचे स्क्रू दाराच्या आतल्या अंगाला. ती काढायची तर आधी काकूनं ती उघडायला हवी. अप्पांनी दारावर काठी आपटली. काका म्हणाले, "सिंधू, उघड." मी दाराला तोंड लावून म्हटलं, "काकू, उघडू नकोस." मम्मीनं माझा दंड इतका पिळला की निळा पडला.

चार वाजता दुकान उघडलं. पितळ सगळं काकूजवळ, आत कोंडलेलं. एक गिऱ्हाईक परत गेलं, दुसरं गेलं. मग नांदेडहून महादेवप्पा आले. एका भजनी मंडळाची पेटी उघडून पडली होती, त्यांना आजच परत जायचं होतं. त्यांना काय ठाऊक? ते नेहमीसारखे ओसरीपर्यंत आले आणि मोकळ्या गळ्यानं म्हणाले, "सिंधुबाई, आमचे बारके काढा बरं."

आत डब्यांची हालचाल झाली. फळीवरून डबा काढल्याचा तो आवाज मी झोपेतही ओळखीन. तिनं ठरवून उघडलं असेल असं मला वाटत नाही. इतकी वर्षं हाक आली की हात फळीकडे जायचे, तसे तेव्हाही गेले. कडी सरकली, दार उघडलं, आणि डबा पुढे केलेला तिचा हात दिसला. अप्पा म्हणाले, "काढ रे."

काका आत गेले. काकू खाटेवर बसून बघत राहिली. काकांनी पेचकस लावला, पिळला, पेचकस घसरला. दुसऱ्या स्क्रूला लावला, तोही घसरला. पितळ मऊ असतं हे मी सांगितलंच आहे. बारीक टोकाचा पेचकस लावला की डोक्यावरची खाच सपाट होते, मग तो स्क्रू कुणाच्या बापाला निघत नाही. काका एकेका स्क्रूची खाच घालवत गेले आणि शेवटी कपाळ पुसून म्हणाले, "अप्पा, निघत न्हाई. दार फोडावं लागेल." जन्म हार्डवेअरमध्ये गेलेला माणूस योग्य मापाचा पेचकस विसरला. मी त्यांना आजवर त्याबद्दल विचारलेलं नाही.

सागाचं दार फोडायला अप्पांचा जीव होईना. कडी राहिली. आणि मग दिवाळीपर्यंतचे ते दिवस! दुपारी काकू कडी लावायची. हाक आली की आतून "थांबा" म्हणायची, आणि माणसं थांबायची. मी फोनवर विचारलं, "आत काय करतीस गं?" ती म्हणाली, "काईच न्हाई. पडून राहते. पंखा बघते." आवाजात इतकं सुख होतं की मला हेवा वाटला.

दिवाळी झाली आणि रेवणसिद्धांचं दुकान फुटलं. शटरचं कुलूप कापून चोरांनी फक्त पितळ नेलं, नळ, मुठी, सगळं. भाव असे वाढलेत की नव्या घरांच्या न्हाणीतून तोट्यासुद्धा जातात. अप्पांनी त्याच दिवशी दुकानात शोभेला ठेवलेलं उरलंसुरलं पितळही काकूच्या खोलीत हलवलं. खाटेखाली नळ, खाटेच्या उशाशी मुठी. खोलीला बाहेरून कुलूप लावा, असं मी म्हटलं. मी वेडी असल्यासारखं अप्पांनी माझ्याकडे बघितलं. "कुलपं आपणच विकतो. आपल्याला ठाव न्हाई का ती कशी असतेत? आन् बाहेरून कुलूप म्हंजे घरात कुणी न्हाई अशी पाटीच. आतून कडी पायजे. आत माणूस पायजे."

मग काकूच्या दारापुढे बसून कौतुकानं म्हणाले, "सिंधू, तुला आधीच सुचलं होतं गं. लई शहाणी."

काकांनी दाराला दुसरी कडी बसवली, पहिलीच्या खाली, तिच्याहून जाड. या वेळी पेचकस अगदी मापाचा होता. बाभळीच्या चौकटीत आधी लोखंडी, मग पितळी, एकही तुटला नाही, सगळ्या खाचा एका रेषेत. झाल्यावर त्यांनी ती कडी धोतराच्या टोकानं पुसली आणि काकूला म्हणाले, "बघ, तुझी कडी पक्की करून दिली." ते मनापासून म्हणाले. मला त्या भल्या माणसाला ओरबाडावंसं वाटलं.

तेव्हापासून घरातलं कुणीही बाहेर निघालं की जाता जाता सांगतं, "काकू, आतून लावून घे." सोमवारी मठात जाताना, लग्नाला, मर्तिकाला, अगदी रात्रीच्या जेवणाला पाहुण्यांकडे जातानाही. घर रिकामं करायचं तर आत कुणीतरी हवं, आणि ते कोण याचा विचार करायला कुणाला वेळ लागत नाही. आतली कडी आतूनच लागते. एवढं साधं मला आधी सुचलं नव्हतं, तिलाही नव्हतं.

माझं लग्न माघात लातूरला झालं. काकूनं मला भरवलं, वाढवलं, माझी वेणी घातली. अक्षता पडल्या तेव्हा मी मंडपभर तिला शोधत होते. मम्मी कानात म्हणाली, "माल आलाय ना कालच. अप्पा म्हणाले, घर मोकळं सोडता येणार न्हाई." मी तिथं बोहल्यावर काही बोलले नाही. फटकळ म्हणवून घेणारी मी, आणि नेमकं तिथं गप्प बसले.

लग्नानंतर पहिल्यांदा उदगीरला गेले तेव्हा नवऱ्याला ओसरीवर बसवून थेट तिच्या दाराशी गेले. दार बंद होतं. वाजवलं. "कोण?" मी म्हणाले, "सृष्टी." एक कडी सरकली, दुसरी सरकली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. खाटेच्या कडेवर अंग चोरून बसलो. तिनं सगळं विचारलं, शालू कुठल्या रंगाचा, कोण कोण आलं, जेवणात काय होतं, मी रडले का. फोटो दाखवले तर एकेक फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मग मी म्हटलं, "काकू, ऊठ. चल माझ्यासंगं लातूरला. आठ दिवस राहा, पंधरा दिवस राहा. माझ्या घरात तुला खोली हाय."

तिनं फोन माझ्या हातात परत दिला.

"मग आतून कडी कोण लावील?" ती म्हणाली.

मला वाटलं, आता हसेल. मी वाट पाहिली. ती हसली नाही. ती खरंच विचारत होती.

तेवढ्यात बाहेरून अप्पांची हाक आली, जावईबापूंना मठ दाखवून आणतो, सगळेच चला. काकूनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला हळूच दाराबाहेर केलं. "जा, उशीर करू नको, माणसं थांबलीत," ती म्हणाली. मी बाहेर उभी राहिले. आतून आधी वरची कडी लागली, मग खालची.